जुनं ०७०, मोकळा सायलेन्सर आणि आठ महिने

काकांकडून आलेलं स्टिल ०७०, म्हणजे पेट्रोलवर चालणारं लाकूड कापायचं जुनं चेनसॉ, ऑक्टोबरमध्ये खोललं. १०६ सीसीचं धूड, कागदावर साडेसहा हॉर्सपॉवर. दिंडोरीकडच्या मळ्यात बांधावरची निलगिरी, वाळलेल्या बाभळी, पावसात पडलेली एक चिंच, एवढंच त्याचं काम. पण चिंचेत बार (साखळी जिच्यावरून फिरते ती पट्टी) पूर्ण रुतला की मशीन दम टाकायचं.

आधी सायलेन्सर. तोंड एक्झॉस्ट पोर्टच्या (सिलेंडरमधून धूर बाहेर पडायच्या भोकाच्या) पाऊणपट होईल इतकं मोठं करून घेतलं. ठिणग्यांची जाळी मात्र ठेवली, चैत्रात बांधावरचं गवत कसं असतं ते सगळ्यांना माहीत आहे. सगळ्यात कमी खर्चात सगळ्यात जास्त फरक इथेच पडला. अर्थात कार्बोरेटरचा एच स्क्रू (पूर्ण रेसवरचं पेट्रोल ठरवणारा) थोडा सोडावा लागतो, नाहीतर मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं.

मग दाब वाढावा म्हणून सिलेंडरखालचं गास्केट काढलं. त्याआधी पिस्टन आणि सिलेंडरच्या डोक्यातली फट मोजायला प्लगच्या भोकातून सोल्डरची तार घालून पिस्टन वरपर्यंत फिरवला. चेपलेली तार १.१ मिमी भरली. गास्केट काढून नुसतं सीलंट लावल्यावर ०.६. याच्या खाली जाऊ नका, पिस्टन सिलेंडरच्या डोक्याला लागेल. चालू करायची दोरी आता हाताला हिसका देते, पण कापताना जोर लगेच जाणवतो. पोर्ट घासायचा मोह आवरला. तिथं चुकलं तर सिलेंडरच भंगारात.

मार्चमध्ये माती खाल्ली. आवाज छान टिपेला लागतोय म्हणून एच स्क्रू आवळला. चिंचेच्या तिसऱ्या कापात मशीन आपोआप चढत गेलं आणि गप्प. पिस्टनवर एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे! खोलल्यावर कळलं, क्रँकचं सील वाळून कडक झालं होतं आणि तिथून हवा ओढली जात होती. सील आधी बदलायला हवं होतं, बाकी सगळं नंतर. सिलेंडर वाचला, पिस्टन-रिंग गेली.

आता मोकळ्यावर पूर्ण रेस दिली की ते फडफडलं पाहिजे आणि लाकडात शिरल्यावर आवाज स्वच्छ झाला पाहिजे, एवढंच बघतो. हल्लीच्या इथेनॉलच्या पेट्रोलला स्क्रू अजून किंचित सोडलाय. लिटरला ४० मिली ऑइल, आणि काम संपलं की टाकी रिकामी. जुनी रबरी नळी एकदा फुगून बसलीय.

एक गोष्ट मात्र कशानेच सुधारली नाही. या मॉडेलच्या हँडलला हादरे झेलणारे रबरी बूच नाहीत. अर्धा तास कापलं की बोटांना अशा मुंग्या येतात की चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागतो.