घरगुती अ‍ॅडजस्टेबल बेंच: छातीच्या व्यायामांसाठी कितपत उपयोगी?

अ‍ॅडजस्टेबल बेंच विकताना त्याची पाठ किती कोनांत उचलता येते याचाच गवगवा केला जातो; पण छातीसाठी त्यांपैकी सपाट स्थिती आणि साधारण ३० अंशांचा उतार एवढेच खरे कामाचे असतात. मी वापरत असलेल्या घडीच्या बेंचवर हा उतार पहिल्याच खाचेत मिळतो आणि माझ्या मते हीच त्याची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. छातीच्या मोठ्या स्नायूचे वरचे तंतू गळ्याखालच्या आडव्या हाडापासून, तर बाकीचे मुख्यतः छातीच्या मधल्या हाडापासून निघून दंडाच्या हाडाला मिळतात. पाठ थोडी उचलली की वरच्या तंतूंवरचा भार वाढतो. मात्र ४५ अंशांच्या पुढे गेल्यास छातीचे काम खांद्याचा पुढचा भाग ओढून घेतो. उरलेल्या खाचा त्यामुळे खांद्यांच्या व्यायामापुरत्याच राहतात.

उतारावर डंबेल प्रेस (छातीजवळून दोन्ही डंबेल वर ढकलणे) करताना शरीर खाली घसरू नये म्हणून बसण्याची गादीही किंचित वर उचलता येते, ही सोय उत्तम आहे. गादीचा फोम घट्ट असल्याने खांद्याची पाती मागे ओढून तशीच रोवून ठेवता येतात, आणि खांदा सांभाळायचा असेल तर हे अत्यंत आवश्यक आहे.

रुंदीच्या बाबतीत मात्र हा बेंच कमी पडतो. आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंगच्या नियमांत बेंचची रुंदी २९ ते ३२ सेंटिमीटर आणि उंची ४२ ते ४५ सेंटिमीटर असावी लागते. याची उंची त्यात बसते, पण पाठीची गादी जेमतेम २५ सेंटिमीटर रुंद असल्याने डंबेल फ्लाय (आडवे पडून दोन्ही हात बाजूंना उघडून पुन्हा वर जवळ आणणे) करताना, हात पूर्ण उघडलेले असताना, एका बाजूला कलल्यासारखे वाटते. बेंचचा मागचा पायही अरुंद आहे; मांडीवर टेकवलेले जड डंबेल गुडघ्याच्या झटक्याने वर घेताना बेंच डुलतो. रबरी चटई अंथरल्यावर घसरणे थांबले, डुलणे थांबले नाही.

तरीही मध्यम वजनाच्या डंबेलने छातीचा व्यायाम करणाऱ्यांना मी हा बेंच निःसंकोच सुचवेन, शिवाय त्यावर पाय ठेवून पुशअपही चांगले मारता येतात. बारबेलने बेंच प्रेस करायचा असेल, तर नुसती ऑलिम्पिक दांडीच २० किलोची असते हे लक्षात घेऊन, सेफ्टी बार (दांडी सुटली तर अडवणारे आडवे आधार) असलेला रॅक आणि त्यात बसणारा भक्कम सपाट बेंच घ्यावा.