नाशकात ग्लायडरचं नाक कापावं का?

शूर्पणखेचं नाक इथे कापलं म्हणून या गावाचं नाव नाशिक, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. दोन वर्षांपूर्वी बारीक दात्यांची करवत घेऊन फायबरच्या फ्युजलाजसमोर (विमानाच्या धडासमोर) बसलो, तेव्हा घरातल्या प्रत्येकाने मला ते पुन्हा ऐकवलं. रिमोटवर उडवायचा, बिनमोटरचा मॉडेल ग्लायडर, चार मीटर पंखांचा, वजन 4.3 किलो, नाक निमुळतं आणि देखणं. नाकात मोटर बसवायची तर पुढचे चार-पाच सेंटिमीटर उडवावे लागतात, आणि एकदा उडवले की उडवले. त्यामुळे दीड महिना नुसता विचारच करत होतो: मोटर हवीच का? हवी तर नाकात, की पाठीतून वर येणाऱ्या खांबावर? तुमच्याही माळ्यावर असा मोठा ग्लायडर पडून असेल, तर माझा हिशोब तुमच्या उपयोगी पडेल.

आधी मोटरशिवाय वर जायचे रस्ते बघू. बंजी, म्हणजे ताणलेल्या रबराने विमान वर ओढणं, सगळ्यात स्वस्त. 30 मीटर रबर, 120 मीटर दोरी, एक खुंटी. पण रबर ताणल्यावर सगळं मिळून सव्वादोनशे मीटरची सरळ मोकळी पट्टी लागते, तीही वाऱ्याच्या दिशेत. वारा फिरला की खुंटी उपटा आणि पुन्हा ठोका. सव्वाचार किलोच्या विमानाला जाड रबर लागतं, ते ताणताना दोघांचा घाम निघतो आणि उडाल्यावर दोरी शेजारच्या शेतात शोधत फिरावं लागतं. दुसरा रस्ता टोचा, म्हणजे दुसऱ्या मोठ्या विमानाने ओढून नेण्याचा. त्याला ते विमान हवं आणि ते उडवणारा तयार गडीही हवा. दर रविवारी असा माणूस मिळत असेल तर तुम्ही नशीबवान आहात, पुढचं वाचू नका. तिसरा रस्ता डोंगरउताराचा. आपल्याकडे पावसाळ्यात पश्चिमेचा वारा सह्याद्रीवर जोरात चढतो, म्हणजे लिफ्टला, वर उचलणाऱ्या हवेला, तोटा नाही. तोटा उतरायच्या जागेचा. वरती काळा खडक, करवंदीच्या जाळ्या आणि पाच मिनिटांत विमान गिळणारं धुकं. अंजनेरीसारखा डोंगर तर संवर्धन राखीव क्षेत्र आहे. छोटा फोमचा ग्लायडर तिथे आपटला तर हसून घरी येता येतं, चार मीटरवाला आपटला तर नाही.

राहिली मोटर. पण ती किती उंचीसाठी हवी, हे आधी ठरवा, कारण नाशकात उंचीलाच कुंपण आहे. ओझरला एचएएलचा विमानतळ, गांधीनगरला लष्कराच्या हेलिकॉप्टरांचा तळ, देवळालीला तोफखान्याचं स्कूल. शहराच्या आसपास कुठेही उडवायचं म्हटलं तरी आधी ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळावरचा ड्रोनचा नकाशा उघडावा लागतो. 2021 च्या ड्रोन नियमांनुसार ग्रीन झोनमध्ये (आधी परवानगी न घेता उडवता येतं त्या भागात) 400 फूट, म्हणजे साधारण 120 मीटर, आणि चालू विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात फक्त 200 फूट. दोन किलोच्या वरचं विमान ‘स्मॉल’ वर्गात मोडतं, तेव्हा नोंदणी आणि परवान्याचं काय लागतं तेही करवत उचलण्याआधी वाचून घ्या. मी सिन्नरच्या बाजूला जातो. लांब पडतं, पण मोकळं रान आहे.

आता 120 मीटर म्हणजे किती? 4.5 किलोच्या विमानाला किलोमागे दीडशे वॅट धरले तर 700 वॅटच्या आसपास येतात. सहा सेलच्या लिपोवर (लिथियम-पॉलिमर बॅटरीवर) हे 35 अँपिअरमध्ये मिळतं. मोटर आणि प्रॉपमधला (प्रॉपेलरमधला) तोटा वजा जाता निम्मी ताकद हाती लागते, तरी सेकंदाला सहा-सात मीटर चढ मिळतो. म्हणजे वीस सेकंदांत छत गाठलं. वीस सेकंदांना जेमतेम 200 मिलीअँपिअर-तास खर्च होतात. 2200 चा पॅक ऐंशी टक्के वापरला तर आठ-नऊ वेळा वर जाता येतं. एप्रिलमध्ये यातलं थोडं कापून घ्या. नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या जवळपास आहे, आणि 38 अंशांच्या दुपारी इथली हवा समुद्रसपाटीच्या प्रमाण हवेपेक्षा तेरा-चौदा टक्क्यांनी विरळ असते. प्रॉपला चावायला कमी हवा मिळते. म्हणून वॅटमीटरवरचा आकडा डिसेंबरच्या गार सकाळी बघून खूश होऊ नका.

हा हिशोब मांडल्यावर लक्षात आलं की वर जाणं हा प्रश्नच उरत नाही. नाक काय, खांब काय, दोन्ही वीस-पंचवीस सेकंदांत वर नेतात. फरक पडतो तो खाली येताना.

तो फरक मला एका फसलेल्या लँडिंगने समजावला. मोटर नव्हती तेव्हाची गोष्ट. मार्चमध्ये एका मित्राच्या शेतावर कांदा काढून रिकाम्या झालेल्या वावरात उतरायचं होतं. शेवटच्या वळणावर वारा पडला, विमान पुढे तरंगतच राहिलं, आणि वावराच्या बांधापलीकडे द्राक्षबाग. बागेचे लोखंडी अँगल आणि त्यांवरच्या ताणलेल्या तारा ज्याने जवळून पाहिल्या आहेत त्याला पुढचं सांगायला नको. डाव्या पंखाचं टोक गेलं, एक सर्व्हो (पंखाची झडप हलवणारी छोटी मोटर) गेला. मित्राच्या वडिलांनी आधी घड मोजले, मग मला चहा दिला. त्या वेळी हाताशी चार सेकंदांची मोटर असती, तर थ्रॉटल पुढे करून पुन्हा एक फेरी मारली असती.

नाकातली मोटर हे देते. थ्रॉटल ढकललं की घडीचा प्रॉप उघडतो आणि अर्ध्या सेकंदात ओढ सुरू होते. पाच मीटर उंचीवरही चुकलेला अंदाज सुधारता येतो. खांबाचं तसं नाही. आधी पाठीवरची दारं उघडणार, मग खांब उभा राहणार, मग मोटर फिरणार. यात चार ते सहा सेकंद जातात, आणि तेवढा वेळ उभा खांब हवा अडवत विमानाला आणखी खाली बसवतो. शिवाय ओढ पंखांच्या बरीच वरून लागते, त्यामुळे जोर देताच नाक खाली जातं. रेडिओत थ्रॉटलला एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची झडप) मिक्स करून ते सावरता येतं, पण जमिनीजवळ अशा सावरण्यावर मी विसंबणार नाही. खांबवाल्याने पन्नास मीटरच्या वरच ठरवायचं, चढायचं की उतरायचं. खाली आलात की तो शुद्ध ग्लायडर.

वजनाचा मुद्दा मला आधी गौण वाटला होता. कागदावर तोल मांडला तेव्हा चक्रावलो. माझ्या विमानाच्या नाकात सी.जी.पासून (तोलबिंदूपासून) 55 सेंटिमीटर पुढे 420 ग्रॅम शिसं होतं, आणि त्याच्या मागे 150 ग्रॅमचा रिसीव्हरचा बॅटरी पॅक. मोटर, प्रॉप आणि स्पिनर (प्रॉपवरचं निमुळतं टोपण) मिळून 350 ग्रॅम होतात, आणि ते शिशाच्याही पुढे बसतात. म्हणजे शिसं सगळं निघालं. ईएससीचा (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या कंट्रोलरचा) बीईसी, म्हणजे रिसीव्हरला वीज देणारा भाग, वापरला की रिसीव्हरचा पॅकही निघाला. मग 350 ग्रॅमची लिपो सी.जी.च्या पुढे फक्त सोळा सेंटिमीटरवर ठेवून तोल जमतो, कॅनॉपीतून (कॉकपिटच्या झाकणातून) हात घालून काढता येईल अशा जागी. खांबाचा संच मात्र पंखाच्या मागे, सी.जी.च्याही मागे बसतो. लिपो नाकात नेली तरी बरंचसं शिसं तिथेच ठेवावं लागतं.

| | मूळ ग्लायडर | नाकात मोटर | खांबावर मोटर |
|---|---|---|---|
| नाकातलं शिसं | 420 ग्रॅम | नाही | 250 ग्रॅम |
| उडतं वजन | 4.3 किलो | 4.5 किलो | 5.1 किलो |
| पंखभार, दर चौ. डेसिमीटर | 57 ग्रॅम | 60 ग्रॅम | 68 ग्रॅम |

आकडे माझ्या विमानाचे आहेत, खांबाचा संच 550 ग्रॅमचा धरून. तुमचे वेगळे येतील, पण कल हाच राहील. 800 ग्रॅम वाढले की उतरतानाचा वेग नऊ टक्क्यांनी वाढतो. ढेकळाला धडकतानाची ऊर्जा तर चाळीस टक्क्यांनी वाढते, कारण वजनही वाढलं आणि वेगही. नाकातल्या मोटरने हीच वाढ दहा टक्क्यांच्या आत राहते.

मग खांब घ्यायचाच कशाला? दिसण्यासाठी, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. खऱ्या ग्लायडरांत दोन्ही पद्धती आहेत. जर्मनीच्या लांगे कंपनीच्या अँटारीस 20 ई या 20 मीटर पंखांच्या ग्लायडरमध्ये 42 किलोवॅटची विजेची मोटर पाठीतून वर येते. स्लोव्हेनियाच्या एलझेड डिझाइनची एफईएस पद्धत नाकात मोटर आणि घडीचा प्रॉप लावते, आपण करतो तेच. अँटारीसचं मॉडेल असेल तर खांब हाच त्याचा खरा चेहरा. तो उघडताना बघायला आजूबाजूचे शेतकरीही काम सोडून येतात. साच्यातून काढलेला, महागडा, आता न मिळणारा स्केल ग्लायडर (खऱ्याची हुबेहूब प्रतिकृती) असेल, तर त्याचं नाक कापू नका, असंच मीही म्हणेन. पण पाठीवरही दारांसाठी मोठा आयत कापावा लागतो, आणि तोही पंखाच्या सांध्यापाशी, जिथे फ्युजलाजवर सगळ्यात जास्त ताण येतो. कडेने कार्बनच्या पट्ट्या द्याव्या लागतात. ‘खांबाला कापाकापी नाही’ हा निव्वळ गैरसमज आहे.

खर्चात तुलनाच नाही. नाकातल्या मोटरचं माझं सगळं काम लिपोसकट वीस-बावीस हजारांत झालं. खांबाचा तयार संच बाहेरून मागवायचा तर नुसता संचच दुपटीच्या पुढे जातो, आणि त्यातला एखादा प्लॅस्टिकचा गिअर तुटला की पुन्हा महिनाभर वाट.

पंखाच्या वर पायलॉन (न मिटणारा खांब) बांधून कायमची मोटर लावणं हा न कापायचा स्वस्त मार्ग आहे. पण तो सतत हवा अडवतो, मग मोठा ग्लायडर घेतलाच कशाला? आणि वर येणारी ईडीएफ (नळीत बसवलेला विजेचा पंखा)? आवाज जेटचा, भूक राक्षसाची, ओढ बेताची. सोडून द्या.

नाक कापायचं ठरवलंत तर चार गोष्टी. मोटर घेण्याआधी फ्युजलाजच्या आतला व्यास मोजा. आउटरनर मोटरचं बाहेरचं भांडं फिरतं, त्याला चहूबाजूंनी दोन मिलिमीटर मोकळीक हवी, आणि वायरी त्याला घासता कामा नयेत. आत मावत नसेल तर गिअरवाली इनरनर (आतला गाभा फिरणारी मोटर) घ्या. ती सडपातळ असते, पण महाग. कापायची रेघ स्पिनरच्या व्यासाशी जुळेल तिथून दोन मिलिमीटर पुढे आखा आणि उरलेलं पॉलिश पेपरने उतरवा. मी ही रेघ डोळ्याने आखली आणि ती तिरकी गेली, नशिबाने हवी त्याच बाजूला. मोटरला दोन-तीन अंश खाली आणि एक-दोन अंश उजवीकडे कल द्यावाच लागतो. पुढच्या भिंतीसाठी मी ग्लास-इपॉक्सीची 3 मिलिमीटरची चकती अंबडच्या एका लेथवाल्याकडून करून घेतली. त्याने विचारलं कशाला, मी म्हटलं विमानाला, त्याने पैसे कमी घेतले. चिकटवण्याआधी आतलं फायबर 80 नंबरच्या पेपरने खरवडा आणि पाच मिनिटांचं इपॉक्सी वापरू नका. उन्हात तापलं की ते मऊ पडतं. सहा सेलवर लीनियर बीईसी चालणार नाही, स्विचिंगच हवा. ईएससीचा ब्रेक चालू करा, नाहीतर प्रॉप मिटणारच नाही.

नाकातल्या मोटरची कटकटही सांगायला हवी. मिटलेला प्रॉप खाली लोंबला तर ढेकळांत त्याची टोकं झिजतात. दोन हंगामांत मी तीन पाती बदलली आहेत. आणि स्पिनरमागची ती रेघ जवळून दिसते, मला अजूनही खुपते. पन्नास मीटरवर गेल्यावर मात्र कोणी सांगूच शकत नाही.

काम पावसाळ्यात काढा. तेव्हा तसंही उडवणं बंद असतं. कापण्याआधी मोटर, स्पिनर आणि लिपो टेपने बाहेरून बांधून तोल एकदा बघून घ्या. दसऱ्याच्या सुमारास सोयाबीन निघतं, वावरं मोकळी होतात आणि घारी पुन्हा दुपारच्या थर्मलमध्ये (वर चढणाऱ्या गरम हवेत) गोल फिरायला लागतात. संक्रांतीआधीचे ते तीन महिने सोन्यासारखे. संक्रांतीच्या आठवड्यात मात्र विमान घरीच ठेवा, येवल्याकडे तर मुळीच नेऊ नका. तिथल्या मांज्यापुढे नाकातली मोटर काय आणि खांबावरची काय.