जुना डी९० घ्यावा की नवा आर५०?

परभणी-नांदेडकडच्या एखाद्या स्टुडिओच्या कपाटात निकॉन डी९० धूळ खात पडलेला दिसला तर नवल नाही. २००८ चा कॅमेरा, १२ मेगापिक्सेल. स्वस्तात मिळतोय म्हणून तोच उचलावा, की अर्ध्या लाखाच्या वर पैसे घालून २०२३ चा कॅनन आर५० घ्यावा?

व्हिडिओ करायचा असेल तर चर्चाच नको. व्हिडिओ काढणारा पहिला डीएसएलआर, एवढाच डी९०चा मान. एचडी क्लिप पाच मिनिटांत थांबते, शूटिंग चालू असताना फोकस आपोआप होत नाही, बाहेरचा माईक लावायला जागा नाही. आर५०मध्ये यातली एकही अडचण नाही, वर फोरके, म्हणजे एचडीपेक्षा जास्त बारकावे टिपणारा व्हिडिओ. आणि हल्ली नवरीला अल्बमच्या आधी रील लागतं.

फोटोचं गणित वेगळं. रात्रीचा गोंधळ रंगलाय, उजेड दिवटीचा आणि अंगणातल्या एका बल्बचा, संबळवाला जागेवर ठरत नाही. डी९०वर जुनी ५० एमएम १.८ डी लेन्स लावा (१.८ हे अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं तोंड किती उघडतं त्याचं माप; आकडा लहान तितका उजेड जास्त), आयएसओ १६०० वर फोटो निघतो (आयएसओ म्हणजे उजेड टिपायची संवेदनशीलता; ती वाढवली की फोटोत दाणे येतात). आर५०सोबतच्या १८-४५ किट लेन्सचं अ‍ॅपर्चर ४.५ पेक्षा जास्त उघडत नाही, झूम केलं की ६.३. त्याच शटर स्पीडला आयएसओ किमान १०,००० वर न्यावा लागतो. नव्या सेन्सरची कमाई लेन्सनेच खाल्ली! लेन्समधलं स्टॅबिलायझेशन आपला हात सावरतं, संबळवाल्याचा नाही. अजिंठ्यात मात्र फ्लॅशला बंदी आणि भिंतीवरची चित्रं स्थिर, तिथं ते कामी येतं.

८ बाय १२ प्रिंटला १२ मेगापिक्सेल भरपूर. अल्बमच्या १२ बाय ३६ च्या जोडपानावर एकच फोटो पसरला, तर इंचाला ११९ पिक्सेल उरतात; आर५०चे १६६.

जुना घेताना ताजा जेपीईजी फोटो मागून त्यातला शटर काउंट, म्हणजे आजवर किती क्लिक झाले तो आकडा, बघा. डी९०चं शटर १ लाख क्लिकपर्यंत तपासलेलं आहे. लेन्समधून टॉर्च मारून बुरशी बघा. कार्ड ३२ जीबीपर्यंतचंच घ्या. डी९०ऐवजी कुणी डी३००० किंवा डी५००० गळ्यात मारत असेल तर सावध, त्यांच्या बॉडीत फोकसची मोटर नाही. वर सांगितलेली ५० एमएम फोकससाठी हातानेच फिरवावी लागेल.

शिकायला, वाढदिवसाला, पोर्ट्रेटला मी डी९० आणि ५० एमएमच घेईन. लग्नाच्या ऑर्डरी घ्यायच्या असतील तर आर५०, पण किट लेन्सवर थांबू नका. जुन्या लेन्स जोडायचा अडॅप्टर लावला की कॅननची जुनी ईएफ ५० एमएम १.८ आर५०वर ऑटोफोकससकट चालते.