गो भाषेतल्या प्रोग्रॅममधून सी भाषेतल्या कोडला स्ट्रिंग (मजकूर) द्यायची: कॉपी की थेट पॉइंटर (मेमरीतला पत्ता)?

सी.सीस्ट्रिंग (C.CString) हे फंक्शन वापरलं की गो तुमची स्ट्रिंग मॅलॉक करून (म्हणजे मेमरी मागून घेऊन) सी च्या हीपवर, म्हणजे मागून घेतलेल्या मेमरीच्या जागेत, कॉपी करतं आणि शेवटी नल बाइट (मजकूर संपल्याची खूण असलेला शून्य बाइट) लावतं, म्हणजे ‘पुणे’चे 12 बाइट तिकडे 13 होतात. गो चा गार्बेज कलेक्टर (नको असलेली मेमरी आपोआप मोकळी करणारा) त्या कॉपीला हातही लावत नाही, फ्री आपणच करायचं (मी एकदा लूपमध्ये विसरलो, सकाळी बघतो तर रॅम फुल!).

दुसरा रस्ता गो 1.20 मधलं अनसेफ.स्ट्रिंगडेटा (unsafe.StringData), जे मूळ स्ट्रिंगचाच पॉइंटर देतं. कॉपीच नाही, पण नल बाइटही नाही, म्हणून लांबी वेगळी पाठवा, नाहीतर सी चं स्ट्रलेन (नल बाइटपर्यंत मोजून लांबी काढणारं फंक्शन) पुढची कुठलीही मेमरी वाचत सुटतं, शिवाय सी ने त्यात लिहायचं नाही आणि कॉल संपल्यावर पॉइंटर जपून ठेवायचा नाही.

मोठा मजकूर नुसता वाचायचा असेल तर ठीक, बाकी मी कॉपीच करतो.