हिंडलग्याहून सुटल्यावर राहायचं कुठं: घर, कामावरची खोली, निवारा की शक्ती सदन?

बेळगावच्या हिंडलगा कारागृहातून आपला माणूस सुटणार असेल तर आधी सुटकेचा आदेश वाचा, जागा मग शोधा. शिक्षा भोगून आलेल्याला कुठं राहायचं ते बहुतेक वेळा स्वतःला ठरवता येतं. जामिनावर सुटलेल्याचं तसं नाही. कोर्टाला दिलेला पत्ता, ठाण्यातल्या हजेरीचा वार, जिल्हा सोडायची बंदी, फिर्यादीच्या वाटेला न जाण्याची अट, यांतलं काहीही आदेशात असू शकतं. आणि सीमाभागात इथंच गोची होते. शिनोळी किंवा चंदगडचं मामाचं घर बेळगावहून जवळ, पण राज्य दुसरं, महाराष्ट्र. जिल्हा सोडायची बंदी असताना तिथं मुक्काम केला तर जामीन रद्द होऊ शकतो, आणि जामीनदारही फुकट अडकतो. वकिलाकडून अट शिथिल करून घ्या, मगच ट्रंक हलवा. वकील परवडत नसेल तर जिल्हा कायदेविषयक सेवा प्राधिकरणाकडे जा; हेल्पलाइन १५१००.

स्वतःचं घर सगळ्यांत स्वस्त, आणि बहुतेकांना तेच बरं. मात्र फिर्यादी त्याच गल्लीत राहत असेल किंवा गुन्ह्याचं मूळ बांधाच्या भांडणात असेल, तर घरासारखी वाईट जागा नाही. पाण्याच्या नळावरची एक शिवी पुरते, नवी तक्रार होते. अशा वेळी त्याच जिल्ह्यातलं बहिणीचं सासर पहिले दोन-तीन महिने बरं पडतं. फक्त दाजींना खटल्याची पूर्ण कल्पना आधी द्या. दारात पोलीस चौकशीला आल्यावर कळलं, तर त्याच रात्री पिशवी बाहेर येते.

काम आणि छप्पर एकत्र मिळतं म्हणून अनेक जण बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतली फौंड्री, खानापूरकडची वीटभट्टी नाहीतर ऊसतोडीची टोळी धरतात. यात आमचा कौल फौंड्रीला. तिथं चार-पाच कामगार मिळून खोली घेतात. काम सुटलं तरी खोली लगेच सुटत नाही. भट्टीवरची खोप मालकाची असते, काम गेलं की तीही गेली. ऊसतोडीत उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतली की मुकादम ती फिटेपर्यंत सोडत नाही, टोळी कुठल्या कारखान्याला जाईल ते त्याच्या हातात, आणि हजेरीचा वार हमखास चुकतो. ज्याच्यावर हजेरीची अट आहे त्यानं उचलीला हातही लावू नये.

बेघर निवारा हा रात्र काढण्याचा मार्ग, संसार मांडण्याचा नव्हे. केंद्राच्या नियमावलीत शहराच्या एक लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांची सोय आणि माणशी ५० चौरस फूट जागा धरली आहे. प्रत्यक्षात खाट रिकामी आहे का, ते महापालिकेत आधी विचारा. सामान ठेवायला कुलूप नसेल तर कागदपत्रं तिथं ठेवू नका.

बाईमाणसाचा प्रश्न वेगळा आहे. सुटलेल्या पुरुषाला घर बहुधा घेतं, बाईला माहेर आणि सासर दोन्हीकडून नकार येतो. आधार नसलेल्या अशा महिलांसाठी शक्ती सदन आहे. पूर्वीच्या स्वाधार गृह आणि उज्ज्वला या योजना एकत्र करून ते झालं. राहणं, जेवण, समुपदेशन आणि कामाचं प्रशिक्षण मिळतं. जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात सुटकेच्या आधीच अर्ज द्या. सोबत मूल असेल तर वयाची अट त्याच वेळी विचारा, नाहीतर दारात आल्यावर मुलगा वेगळा ठेवायची पाळी येते. आम्हाला विचाराल तर निवाऱ्यापेक्षा हे केव्हाही चांगलं.

दारू किंवा अमली पदार्थांची जुनी सवय असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवून आधी व्यसनमुक्ती केंद्र गाठा. आत राहून शरीराची सवय मोडलेली असते. बाहेर येऊन जुन्याच मापानं घेतलं तर जीव जाऊ शकतो, अमली पदार्थांत तर फारच पटकन.

जागा कुठलीही ठरो, गेटवर चार गोष्टी मागून घ्या: सुटकेचा दाखला, जमा केलेलं आधार कार्ड, आतल्या कामाच्या मजुरीचा हिशेब आणि औषधोपचाराचे कागद. क्षयाचं औषध चालू असेल तर कुठल्या सरकारी दवाखान्यात पुढं मिळणार ते लिहून घ्या. नेहमीचा कोर्स सहा महिन्यांचा, मध्येच सुटला तर आजार औषधाला दाद देईनासा होऊ शकतो.