मन्सूरचा झेब्रा घ्यावा की रूसोचा वाघ?

जुन्या चित्रातल्या प्राण्याचं, हजार तुकड्यांचं जिगसॉ, म्हणजे तुकडे जुळवून चित्र पुरं करायचं कोडं, घ्यायचं म्हटल्यावर माझी निवड मुघल दरबारातला चित्रकार मन्सूर आणि फ्रेंच चित्रकार आंरी रूसो या दोघांवर येऊन अडली होती. आधी झेब्रा घेतला, वर्षाने वाघ. दोन्ही परभणीच्या घरात, एकाच प्लायवूडवर, उन्हाळ्याच्या सुट्टीत लावले. किमतीत म्हणण्यासारखा फरक नव्हता, तुकड्यांची जाडीही सारखीच वाटली.

झेब्र्याची ओढ मला आधीपासून होती. उस्ताद मन्सूरने तो १६२१ मध्ये जहांगीरसाठी रंगवला. प्राणी आला होता हबसाणातून, म्हणजे आजच्या इथिओपियाकडून. तो इतका नवखा होता की त्याचे पट्टे कुणी रंगवले तर नसतील ना, अशी शंका दरबारात निघाली आणि नीट तपासल्यावरच ती फिटली. जहांगीरच्या फौजांना वर्षानुवर्षं दाद न देणारा मलिक अंबरही हबसाणातलाच. १६१० मध्ये त्याने वसवलेली खडकी म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर. आपल्या मुलखाचा असा धागा त्या चित्राला असल्यामुळे मी डबा उघडला तो फार आनंदाने.

आणि झेब्रा लागलाही भराभर. मानेवरचे पट्टे एका रुंदीचे, मांडीवरचे दुसऱ्या, पायांवर आणखी बारीक. दोन संध्याकाळींत जनावर उभं राहिलं. चित्राभोवतीची नक्षीची चौकटही सुखाची होती. मग उरली मधली मोकळी जमीन. मातकट, एकाच छटेची, ना गवताची काडी ना ढगाचा ठिपका.

खरा त्रास इथे सुरू झाला. तुकडा बसतो, खुंटी खाचेत नीट जाते, बोटाला जराही अडत नाही, तरी तो तिथला नसतो. कळतं कधी, तर पुढचे पंधरावीस लावून झाल्यावर, शेवटच्या भोकात हातातला तुकडा काही केल्या जात नाही तेव्हा. मग चूक नेमकी कुठे झाली ते शोधण्यासाठी सगळी रांग उचकटायची. असं माझं चार वेळा झालं. चौथ्या वेळी आई शेजारी बसली होती. म्हणाली, "बाबा, बसलं म्हणजे त्याचंच हाय, असं कसं म्हनायचं?" नेमकं तेच दुखणं होतं. चूक झाली तर चित्रानेच ती सांगायला हवी, आणि हे चित्र गप्प राहत होतं.

मला वाटतं, याचं कारण चित्राच्या मापात आहे. मन्सूरचं मूळ चित्र हातात धरून बघायचं, वीतभर रुंदीचं. जिगसॉसाठी ते कितीतरी मोठं केलं की त्याच्याबरोबर रिकामी जागाही फुगते. अंगावरचा एकेक केस दाखवणारा, जर्मन चित्रकार ड्यूररचा १५०२ मधला ससा मी याच कारणाने घेतला नाही. त्याच्यामागे तर नुसता कोरा कागद आहे.

रूसोचं उलटं आहे. १८९१ मधलं त्याचं वादळातल्या वाघाचं चित्र मुळात सव्वा मीटरहून उंच आणि दीड मीटरहून रुंद. ते आक्रसून डब्यात येतं, त्यामुळे तुकड्यागणिक काहीतरी असतंच: पात्याची कड, तांबडं पान, शेपटीचा तुकडा. हा माणूस पॅरिसच्या जकात नाक्यावर नोकरीला होता, फ्रान्सच्या बाहेर कधी गेला नाही. त्याचं जंगल तिथल्या वनस्पती उद्यानातून आलेलं. वाघ बघणाऱ्याला ते खटकेल कदाचित. जिगसॉ लावणाऱ्याला मात्र त्याच्या पावसाचा मोठा आधार आहे. चित्रभर बारीक, तिरप्या, चंदेरी रेघा आहेत. तुकडा हातात घेतला की रेघ बघून तो कसा धरायचा ते ठरतं, आणि चुकीच्या जागी बसवला की रेघ तिथेच तुटते. उचकटण्याची वेळ आली ती एकदाच, तीही दोन तुकड्यांपुरती.

वाघात सोपं सगळंच नाही. खालचं हिरवं गवत डोळ्यांना शिणवतं, ट्यूबलाइटखाली तर जास्तच. त्या कोपऱ्यासाठी मी सकाळचा उजेड धरायचो. कूलरच्या ओलसर हवेत दोन्ही डब्यांचे तुकडे थोडे फुगल्यासारखे वाटले, तेव्हा प्लायवूड कूलरच्या झोतापासून लांब ठेवलेलं बरं.

ज्यांना एकाच रंगाच्या तुकड्यांना आकारावरून ओळखत बसायला आवडतं, त्यांना झेब्रा कदाचित जास्त समाधान देईल. लावून फ्रेम करायची असेल तर मीही झेब्राच सुचवेन. आमच्या बैठकीत तोच लावलाय, आणि येणारा जाणारा त्याच्यापाशी थांबतो. पण घरात चार माणसं मिळून बसणार असाल, त्यात लेकरं असतील, तर वाघ घ्या. आमचा तीनदा लावून मोडून झाला. मे महिन्यात भाची येणार आहे, तिने आत्तापासूनच शेपटीकडची बाजू मागून ठेवली आहे.