आमच्या गावातील दहा दिवसांचे कलाशिबिर : एका पालकाचा अभिप्राय

चंद्रपूर जिल्ह्याच्या ब्रह्मपुरी तालुक्यातील आमच्या गावी यंदा मे महिन्यात शहरातील एका संस्थेने शाळेच्या इमारतीत पाचवी ते नववीच्या मुलांसाठी दहा दिवसांचे कलाशिबिर घेतले. साहित्यासह शुल्क ३०० रुपये होते. माझी मुलगी आणि पुतण्या दोघेही त्यात होते. हे शिबिर आपल्या गावी बोलवावे का, असे दोन-तीन पालकांनी विचारल्यामुळे हा अभिप्राय लिहीत आहे.

पहिली चूक वेळेची झाली. शिबिर सकाळी आठ वाजता ठेवले होते आणि नेमका तो तेंदूपत्त्याचा, म्हणजे विडीची पाने तोडण्याचा, हंगाम होता. पहाटेच जंगलात गेलेल्या कुटुंबांतील मुले दहा-साडेदहापर्यंत घरी परतत नाहीत, हे आयोजकांना कोणी सांगितले नव्हते, किंवा त्यांनी विचारले नव्हते. पालकांनी आग्रह धरल्यावर चौथ्या दिवसापासून वर्ग सायंकाळी पाच वाजता भरू लागले आणि पटावरील संख्या सतरावरून एकतीसवर गेली. आयोजकांनी ही सूचना कुरकुर न करता मान्य केली, हे मात्र नमूद केले पाहिजे.

पहिला दिवस ‘नाटक म्हणजे काय’ हे समजावण्यात गेला. धान निघाल्यावर मंडईच्या जत्रेपासून होळीपर्यंत रात्र-रात्र बसून वडशाच्या नाटकमंडळींची नाटके पाहणाऱ्या आणि पूर्व विदर्भातील आमच्या झाडीपट्टीचे नाट्यकलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाल्याचे ठाऊक असलेल्या मुलांना हा पाठ देण्याची गरज नव्हती.

खरे शिबिर सुरू झाले ते पाचव्या दिवशी. ‘घरातला एक आवाज घेऊन या’ असे मुलांना सांगितले होते. सातवीतील एका मुलीने तेंदूपत्त्याचा पुडा बांधतानाची मोजणी आणली. सत्तर पानांचा तो पुडा, आई मोजते त्याच लयीत, दर पाच पानांवर मांडीवर थाप देत तिने मोजून दाखवला. खडी गंमत या आमच्याकडील लोकनाट्याचे गावातील एक वयोवृद्ध कलावंत पाहुणे म्हणून बसले होते. त्यांनी काही न बोलता डफ उचलला आणि त्या थापांवर ठेका धरला. विसाव्या पानापर्यंत सगळा वर्ग मोजू लागला होता. त्यानंतरचे तीन दिवस मुलांनी याच मोजणीवर वीस मिनिटांचा प्रयोग बसवला, आणि उभ्याने गाणाऱ्या झीलकऱ्यांची, म्हणजे साथीच्या गायकांची, जागा कोणती, स्त्रीवेशातला नाच्या कधी पुढे येतो, या गोष्टी त्यांनी बुजुर्गांकडून हातवाऱ्यांसकट शिकून घेतल्या. हे शिबिर चांगले का, याचे माझ्याजवळ एवढेच उत्तर आहे आणि ते मला पुरेसे वाटते.

तक्रार आहे ती भाषेची. प्रयोगाची संहिता मुलांच्या तोंडून निघाली होती, पण कागदावर उतरवताना एका प्रशिक्षकाने ती ‘शुद्ध’ करून टाकली. आमच्या झाडीबोलीत ‘ळ’ नाही. आमच्याकडे ‘डोरे’ दुखतात, ‘डोळे’ नव्हे. माझी मुलगी हा एक शब्द तालमीत चार वेळा अडखळली आणि दर वेळी तिला थांबवून दुरुस्त करण्यात आले. पाचव्या वेळी ती वाक्यच गाळून पुढे गेली. दुसऱ्या दिवशी त्या बुजुर्गांनीच प्रशिक्षकांना बाजूला घेऊन समजावले, तेव्हा मूळ शब्द परत आले. परंतु दोन मुलांनी तोवर संवाद नको म्हणून फक्त कोरसमध्ये उभे राहणे पसंत केले होते.

चित्रकलेचा भाग सामान्य होता. उन्हाने पोस्टर रंग बाटलीतच आटले आणि मुखवट्यांचा पुठ्ठा पातळ होता. त्याऐवजी गावातील बुरडाकडून बांबूच्या कामट्या घेतल्या असत्या तर स्वस्तात काम झाले असते. प्रमाणपत्रांवर पाच नावे चुकली आहेत, ती बदलून मिळण्याची आम्ही अद्याप वाट पाहत आहोत.

पुढील वर्षी मी दोघांनाही पुन्हा पाठवीन. बोलवणाऱ्यांनी मात्र शुल्क भरण्यापूर्वी वेळ सायंकाळची ठरवून घ्यावी आणि संहिता कोणत्या बोलीत लिहिली जाईल, हे आधीच विचारावे.